गळती

ओड्डव्हार तीस वर्षं बोगद्याचा राखणदार.
वर फ्योर्ड, खाली तो,
मधे खडक, आणि खडकाच्या डोक्यावर अख्खा समुद्र.
खडक कोरडा कधीच नसतो, तो नव्या पोरांना सांगे.
पाझरतोच.
बोगदा बांधणारा पाणी अडवत नाही,
किती आत येऊ द्यायचं तेवढं ठरवतो.
मग सगळ्यांत खोल जागी पंप,
आणि पंपाशेजारी एक माणूस, कान देऊन.

आधी खाज आली.
पुरळ नाही, डास नाही, जानेवारीत कुठले डास.
तळपायांना, तळहातांना, रात्री दोनच्या सुमाराला.
टोरबियोर्ग त्याचे लोकरी मोजे फ्रीजरमध्ये ठेवायची,
कॉडच्या तुकड्यांशेजारी,
आणि ते घालून तो स्वयंपाकघरात उभा राही,
दिवा न लावता.

मग डोळे पिवळे.
म्हण खोटी निघाली:
काविळीच्या डोळ्यांना जग पिवळं दिसत नाही.
बर्फ पांढराच होता.
जगालाच तेवढा तो पिवळा दिसला.

ऑस्लोत यकृताचं चित्र काढलं.
पित्तनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या असतात.
त्याच्या माळेसारख्या:
आवळलेली जागा, फुगलेली जागा, पुन्हा आवळलेली.
"मणी," डॉक्टर हाउक्लांड म्हणाल्या,
आणि इतका देखणा शब्द वापरल्याबद्दल जरा ओशाळल्या.

कारण?
त्यांनी खुर्ची जवळ ओढली.
आतड्यात अगणित भाडेकरू, बहुतेक सालस.
आतड्याचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं.
काही जिवाणू त्याला भोकं पाडत असावेत,
आणि तिथून निघालेली शीर थेट यकृताच्या दारात.
दार रोज ठोठावलं जातं,
दार तापतं,
सूज नळ्यांत उतरते.
असं असावं.
किंवा उलट. पित्त वाहत नाही म्हणून आतडं बिघडतं
आणि बिघडलेल्या घरात तसलेच भाडेकरू येतात.

"आधी काय?"
"माहीत नाही."

डॉक्टरच्या तोंडचं ते माहीत नाही त्याला आवडलं.
बोगद्यातही असंच.
ओल दिसते एकीकडे,
चीर असते भलतीकडे.

नमुना द्यायचा होता. डबा, चमचा, बर्फाची पेटी.
फेरीवर शेजारच्या बाईनं विचारलं, मासे का?
हो, म्हणाला.
ताजे?
आज सकाळचे.

मे महिन्यात फोन आला.
त्याचे जिवाणू उंदरांना दिले होते,
जन्मापासून एकही जंतू न भेटलेल्या उंदरांना.
काहींच्या आतड्यांना गळती लागली.
म्हणजे?
म्हणजे अजून काहीच नाही, हाउक्लांड म्हणाल्या,
उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

त्या रात्री तो जागा राहिला,
आणि या खेपेला खाजेमुळे नव्हे.
ऑस्लोत कुठेतरी एक पांढरा उंदीर
ह्याच्या पोटातलं पोटात घेऊन बसलाय.

पोटात ठेवणं ही त्या घराची रीत.
बाप कसा बुडाला ते पोटात.
भावाची दारू पोटात.
टोरबियोर्गला पहिल्या वर्षी जे बोलला ते, आणि जे बोलला नाही ते.
पोट म्हणजे तिजोरी, असं सगळे धरून चालले.
अस्तर एका पेशीच्या जाडीचं
हे कुणाला ठाऊक होतं?

"मला बोलायचंय," तो पहाटे म्हणाला.
ती जागीच होती.
बोलणं मात्र फारसं झालं नाही. मोजे कुठायत, एवढंच.
ती उठून घेऊन आली, आणि यावेळी
दिवा लावला.

आता नाव प्रत्यारोपणाच्या यादीत आहे.
यादी हलते तशी हलते.
मंगळवारी तो अजून खाली जातो, कामावर नाही, सहज.
तिथला नवा पोरगा, आइव्हिंड, घाबरून विचारतो,
भिंत एवढी ओली, चालतं का हे?

ओड्डव्हार हातमोजा काढतो,
खाजरा तळहात खडकावर टेकवतो.
गार पाणी बोटांमधून उतरत जातं.
बरं वाटतं.
"थांब," तो म्हणतो. "पंप ऐक आधी."